विश्लेषण : कथा ‘साभार परत’ आली, पुढे काय? नकार आणि अभिप्रायातून नवा लेखक कसा घडतो?

दिवाळी अंकांसाठी कथा-कविता पाठवण्याची लगबग उन्हाळ्यातच सुरू होते. पावसाळा संपत येतो तशी उत्तरे यायला लागतात. काहींना होकार कळतो, काहींना दोन ओळींचा नकार मिळतो आणि अनेकांना काहीच कळत नाही. पहिल्याच प्रयत्नात असे झाले की बरेच जण लिहिणे थांबवतात. काही जण तीच कथा एकही शब्द न बदलता दुसऱ्या अंकाकडे धाडतात. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे आणि बहुतेक लेखक त्याच मार्गाने घडले आहेत. नकाराचा अर्थ काय, अभिप्राय कोणाचा घ्यावा आणि तो मसुद्यात कसा उतरवावा, याचा हा आढावा.

‘साभार परत’ म्हणजे नेमके काय?

काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळी अंक हे नव्या लेखकांसाठी मोठे दार राहिले आहे. टपालाच्या काळात लेखक कथेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट जोडायचे. कथा नाकारली गेली की त्याच पाकिटातून परत यायची. सोबतच्या चिठ्ठीवर ‘साभार परत’ असे शब्द असायचे. आता पाकिटाची जागा ई-मेलने घेतली आहे. शब्द मात्र टिकून आहेत.

या दोन शब्दांतून फारच थोडे कळते. अंकाची पाने भरली असतील. अंक एखाद्या विषयाला वाहिलेला असेल आणि कथा त्यात बसत नसेल. आधीच मागवलेल्या लेखकांचे साहित्य आले असेल. कथा हवी त्यापेक्षा दुप्पट लांब असेल. किंवा कथा खरोखरच कच्ची असेल. ‘साभार परत’ वाचून यातले नेमके कोणते कारण, हे ओळखता येत नाही.

म्हणूनच नकार आणि अभिप्राय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकार हा निर्णय असतो, अभिप्राय ही माहिती असते. निर्णयाने वाईट वाटते, पण त्यातून शिकण्यासारखे क्वचितच काही मिळते. माहितीतून मिळते. अडचण अशी की नव्या लेखकाच्या वाट्याला नकार भरपूर येतात आणि अभिप्राय फार कमी.

नकारांच्या गोष्टीत काय सांगायचे राहते?

‘हॅरी पॉटर’ बारा प्रकाशकांनी नाकारले होते, ही गोष्ट व्हॉट्सॲपवर प्रत्येकाने एकदा तरी वाचली असेल. तात्पर्य ठरलेले असते : हार मानू नका, पाठवत राहा. या गोष्टींत नकारांची संख्या असते. नकार आणि होकार यांच्या मधल्या काळात हस्तलिखिताचे काय झाले, हे बहुधा नसते. शिकण्यासारखे खरे तर तिथेच असते.

विल्यम गोल्डिंग यांचे उदाहरण घेऊ. इंग्लंडमधल्या सॉल्झबरी इथल्या शाळेत ते शिक्षक होते. बेटावर अडकलेल्या मुलांची कादंबरी त्यांनी लिहिली आणि अनेक प्रकाशकांनी ती परत पाठवली. १९५३ मध्ये ती ‘फेबर अँड फेबर’कडे पोहोचली, तेव्हा कागदांचे कोपरे वळलेले होते. पहिल्यांदा वाचणाऱ्याने ती कंटाळवाणी आणि निरर्थक असल्याचा शेरा मारला. हस्तलिखित नाकारलेल्यांच्या ढिगात गेले.

तिथून ते चार्ल्स मॉन्टिथ या तेव्हा नुकत्याच रुजू झालेल्या संपादकाने उचलले. त्यांच्या लक्षात आले की मुख्य गोष्ट सुरू व्हायला फार वेळ लागतो. सुरुवातीला अणुयुद्धाचे लांबलचक वर्णन होते, मुले त्यानंतर बेटावर पोहोचत होती. सायमन या मुलाच्या व्यक्तिरेखेतली दैवी छटाही त्यांना जास्त वाटली. गोल्डिंग यांनी युद्धाचे वर्णन काढले आणि सायमनचे प्रसंग सौम्य केले. ‘स्ट्रेंजर्स फ्रॉम विदिन’ हे नाव जाऊन ‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’ आले. १९५४ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. १९८३ मध्ये गोल्डिंग यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या गोष्टीतून दोन तात्पर्ये निघतात. पहिल्या वाचकाने कंटाळवाणे म्हटले, तेव्हा त्याला पुस्तकाची ताकद दिसली नाही. पण त्याला कंटाळा आला होता, हे खोटे नव्हते. मॉन्टिथ यांनी तो कंटाळा कुठून येतो हे शोधले. नाकारणारा आणि स्वीकारणारा, दोघांच्या हातात तेच कागद होते.

संपादकाने पुस्तकच बदलायला लावले तर?

याहून मोठा बदल हार्पर ली यांच्या वाट्याला आला. अलाबामातून न्यूयॉर्कला आलेल्या ली विमान कंपनीत तिकीट आरक्षणाचे काम करत होत्या. १९५६ च्या नाताळात त्यांच्या मित्र दाम्पत्याने त्यांना वर्षभराच्या पगाराइतके पैसे भेट दिले. उद्देश एवढाच, की वर्षभर नोकरी सोडून लिहिता यावे. १९५७ मध्ये त्यांचे हस्तलिखित ‘लिपिनकॉट’ या प्रकाशन संस्थेकडे गेले. त्याचे नाव होते ‘गो सेट अ वॉचमन’.

संपादक टे हॉहॉफ यांना लेखनात चमक दिसली. मात्र ते त्यांना सलग कादंबरीपेक्षा सुट्या प्रसंगांची माळ वाटली. हस्तलिखितात विशीतली तरुणी १९५०च्या दशकात आपल्या गावी परत येते आणि मधूनमधून बालपण आठवते. पुढची सुमारे अडीच वर्षे ली यांनी ही कादंबरी पुन्हा पुन्हा लिहिली. गोष्ट १९३०च्या दशकात गेली. आठवणींपुरती असलेली लहान मुलगी गोष्टीच्या केंद्रस्थानी आली. मूळ मसुद्यात ओझरता उल्लेख असलेला खटला नव्या कादंबरीचा कणा झाला. मूळ मसुद्यात आरोपी सुटतो, नव्या कादंबरीत त्याला दोषी ठरवले जाते.

हे सोपे गेले नाही. एका रात्री वैतागून ली यांनी सगळे कागद खिडकीतून बाहेर बर्फात फेकले आणि हॉहॉफ यांना फोन केला, असे सांगितले जाते. संपादकाने त्यांना खाली जाऊन कागद गोळा करायला लावले. १९६० मध्ये ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

२०१५ मध्ये ‘गो सेट अ वॉचमन’ही छापून आले. त्यामुळे अभिप्रायाआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही मजकूर आज वाचकाला शेजारी ठेवून वाचता येतात. अशी सोय फार थोड्या पुस्तकांबाबत आहे. दोन्ही वाचले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. हॉहॉफ यांनी कादंबरी लिहून दिली नाही. कुठे जीव आहे आणि कुठे नाही, हे त्या सांगत राहिल्या. लिहिले ली यांनीच.

मराठीत अशी संपादनाची परंपरा होती का?

होती आणि ती ठळक होती. गिरगावातल्या खटाववाडीतून चालणाऱ्या ‘मौज’ परिवारातले ‘सत्यकथा’ मासिक त्यासाठी ओळखले जाते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी कथा स्वीकारणे किंवा परत करणे एवढेच आपले काम मानले नाही. आलेली कथा बारकाईने वाचायची, लेखकाला पत्र लिहायचे, शंका विचारायच्या, गरज पडली तर पुन्हा लिहायला सांगायचे, अशी त्यांची रीत होती. पटवर्धन स्वतः ‘पाडस’ या गाजलेल्या अनुवादाचे लेखक होते. शब्दावर किती वेळ द्यावा लागतो, हे त्यांना लेखक म्हणूनही ठाऊक होते.

गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर, जी. ए. कुलकर्णी अशा कथाकारांची नावे या मासिकाशी जोडली जातात. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद झाले. चांगले संपादक त्यानंतरही झाले आणि आजही आहेत. मात्र अनेक ठिकाणी दिवाळी अंकाचे काम एक-दोन माणसे नोकरी सांभाळून करतात. आलेल्या प्रत्येक कथेवर सविस्तर पत्र लिहिणे त्यांना जमण्यासारखे नाही. त्यामुळे संपादक पूर्वी जे काम करत होता, त्याचा मोठा भाग आता लेखकालाच स्वतःसाठी उभा करावा लागतो.

पण संपादकच चुकत असेल तर?

ही शंका रास्त आहे आणि मराठीने ती उघडपणे विचारली आहे. ‘सत्यकथा’ची अभिरुची ठरावीक वर्तुळाची आहे, असा आक्षेप १९६०च्या दशकात तरुण लेखक घेऊ लागले. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथा’ची होळी केली. पण लघुअनियतकालिकांची चळवळ केवळ निषेध करून थांबली नव्हती. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ अशा छोट्या अंकांतून या पिढीने स्वतःचे लेखन स्वतः छापले आणि एकमेकांचे वाचले. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले आणि दलित लेखकांना हक्काची जागा मिळाली.

नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला. त्यातली भाषा आणि जग प्रस्थापित वाचकाला अनोळखी होते. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती आणि ती लिहिण्याआधी हे जग समजून घेण्यासाठी ते ढसाळांसोबत त्या वस्तीत हिंडले होते. इथे कवीला भाषा सौम्य करायला कोणी लावले नाही, उलट वाचणाऱ्याने स्वतःची समज वाढवली.

बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या बोलीतच राहिली. त्या लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. मुलगा सोपानदेव आणि इतरांनी गाणी लिहून ठेवली. आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये संग्रह प्रसिद्ध झाला, तोवर बहिणाबाईंचे निधन झाले होते. ही गाणी कोणी ‘शुद्ध’ करून छापली असती, तर मराठीचे नुकसान झाले असते.

म्हणून वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा कोल्हापुरी वळणाने लिहिणाऱ्या नव्या लेखकाला ‘प्रमाण भाषेत लिहा’ असा सल्ला मिळाला, तर त्याने एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. वाचकाला कथा कळली नाही म्हणून हा सल्ला आला आहे, की ऐकायची सवय नाही म्हणून? पहिल्या कारणाचा विचार करावा लागतो. दुसऱ्या कारणासाठी कथा बदलण्याची गरज नसते. त्यासाठी दुसरा वाचक शोधावा लागतो.

संशोधन काय सांगते?

अभिप्राय मिळाला की माणूस सुधारतोच, हा समज अर्धवट आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या अभ्यासकांनी १९९६ मध्ये या विषयावरच्या शेकडो निष्कर्षांचा एकत्रित अभ्यास केला. सरासरी पाहता अभिप्रायाने कामगिरी सुधारत होती. पण एक तृतीयांशाहून अधिक प्रसंगांत ती उलट घसरली होती. अभिप्रायाने लक्ष कामावरून हटून ‘मी कसा आहे’ याकडे वळले, की त्याचा उपयोग कमी होतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. ‘तिसऱ्या पानावर मी अडखळलो’ हे कामाबद्दल आहे. ‘तुझ्यात लेखकाचे गुण नाहीत’ हे माणसाबद्दल आहे. ‘तू जन्मजात लेखक आहेस’ हेही माणसाबद्दलच आहे आणि कौतुक असले तरी पुढचा मसुदा सुधारायला त्याची मदत होत नाही.

दुसरा अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. तो लेखकांचा नाही, तरुण शास्त्रज्ञांचा आहे. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संशोधन निधीसाठी अर्ज केलेल्यांपैकी थोडक्यात हुकलेले आणि थोडक्यात निवडले गेलेले, असे दोन गट अभ्यासकांनी निवडले. हुकलेल्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक जण या निधीच्या स्पर्धेतून कायमचे बाहेर पडले. पण जे टिकले, त्यांनी पुढच्या दहा वर्षांत निवडलेल्या गटापेक्षा अधिक प्रभावी संशोधन केले.

या निष्कर्षाला ‘अपयश चांगलेच असते’ असे रूप देणे चूक ठरेल. बाहेर पडलेल्यांचे नुकसान खरे आहे. गोल्डिंग आणि ली यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचल्या, कारण त्या छापल्या गेल्या. मॉन्टिथ भेटलाच नाही, अशा हस्तलिखितांची नोंद कुठेच नसते. त्यामुळे नकार पचवण्याची जबाबदारी एकट्या लेखकावर टाकून भागत नाही. टिकून राहायला माणसे लागतात. ली यांना वर्षभराचा पगार देणारे मित्र मिळाले होते.

अभिप्राय कसा मागावा?

‘कथा वाचून सांग ना कशी आहे’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘छान आहे, लिहीत राहा.’ त्यात वाचणाऱ्याची चूक नसते. प्रश्नच असा असतो की दुसरे उत्तर देणे म्हणजे नाते दुखावणे.

लेखन कार्यशाळांनी यावर वेगवेगळे उपाय शोधले. अमेरिकेत १९३६ मध्ये सुरू झालेल्या आयोवा विद्यापीठाच्या लेखन कार्यशाळेमुळे एक पद्धत जगभर पसरली. लेखकाने गप्प बसायचे आणि इतरांनी त्याच्या कथेवर चर्चा करायची. बचाव करता येत नसल्याने लेखक ऐकतो, हा तिचा फायदा. पण कथेचे जगच इतरांना अनोळखी असेल, तर ही शांतता लेखकाला दाबून टाकते, अशी टीका लेखक मॅथ्यू सॅलेसिस यांनी २०२१ च्या पुस्तकात केली आहे.

नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९०च्या सुमारास वेगळी, चार पायऱ्यांची पद्धत तयार केली. ती कोणत्याही मित्रमंडळींत वापरता येते. पहिल्या पायरीवर वाचक कथेतले काय मनात राहिले ते सांगतात. दुसऱ्या पायरीवर लेखक आपले प्रश्न विचारतो. तिसऱ्या पायरीवर वाचक प्रश्न विचारतात, पण प्रश्नात मत लपवायचे नसते. ‘शेवट इतका घाईचा का?’ यात मत आहे. ‘शेवटी तिच्या मनात काय चालले आहे?’ हा खरा प्रश्न आहे. चौथ्या पायरीवर मत, पण लेखकाची परवानगी घेऊन.

एवढे जमणार नसेल, तर तीन-चार वाचकांना नेमके प्रश्न द्यावेत. वाचताना मोबाइल हातात घ्यावासा कुठे वाटला? कोणते पात्र नीट समजले नाही? कोणते वाक्य पुन्हा वाचावे लागले? वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी कथेतले काय आठवले? या प्रश्नांना ‘छान’ हे उत्तर देता येत नाही. वाचकही वेगवेगळे असावेत. एक जण साहित्य भरपूर वाचणारा, एक जण फारसे न वाचणारा आणि एक जण कथेतले जग आतून माहीत असलेला. ऊसतोडीवर कथा असेल, तर ऊसतोडणी केलेल्या माणसाचे मत प्राध्यापकाच्या मताइतकेच मोलाचे ठरते.

मिळालेला अभिप्राय कथेत कसा उतरवावा?

इंग्रजी लेखक नील गेमन यांनी सांगितलेला एक नियम लेखकांमध्ये प्रसिद्ध आहे. वाचक काहीतरी खटकते म्हणतो, तेव्हा तो बहुतेकदा बरोबर असतो. नेमके काय चुकले आणि ते कसे सुधारावे हे तो सांगू लागतो, तेव्हा तो बहुतेकदा चुकतो. डॉक्टरकडे गेलेला रुग्ण पोट कुठे दुखते ते अचूक सांगतो. औषध त्याने सुचवायचे नसते. वाचकाचे म्हणणे लक्षणासारखे असते. त्यावरून निदान करण्याचे काम लेखकाचे.

एक कल्पित उदाहरण पाहू. शहरात स्थिरावलेला धाकटा भाऊ वडील गेल्यानंतर काही महिन्यांनी गावी येतो. थोरला भाऊ शेती सांभाळतो. दोघांत वाटणीवरून भांडण होते आणि धाकटा रात्रीच्या एसटीने परत जातो. नवलेखिकेने ही कथा तिघांना वाचायला दिली. पहिला म्हणाला, सुरुवात रेंगाळते, पहिली दोन पाने काढून टाक. दुसरी म्हणाली, थोरला एकदम का भडकतो कळत नाही, त्याच्या लहानपणीचा प्रसंग घाल. तिसऱ्याला शेवट पटला नाही, दोघांचा समेट दाखव म्हणाला.

तिन्ही उपाय एकाच वेळी केले, तर कथेची गोधडी होईल. पण तिन्ही तक्रारी शेजारी ठेवल्या की वेगळेच काही दिसते. धाकट्याच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज थोरल्याने फेडले, ही गोष्ट कथेत शेवटच्या पानावर येते. लेखिकेला ती पहिल्यापासून ठाऊक होती, म्हणून वाचकाला ठाऊक नाही हे तिच्या लक्षात आले नाही. सुरुवात रेंगाळत होती, कारण वाचकाला ताण कशाचा आहे तेच माहीत नव्हते. थोरल्याचा राग विनाकारण वाटत होता. शेवट अचानक आल्यासारखा वाटत होता.

तिने एकच बदल केला. एसटी स्टँडवर धाकट्याची बॅग गाडीला अडकवताना थोरला त्याच्याकडे न बघता म्हणतो, ‘तुझ्या कॉलेजच्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात फिटला.’ पाने कापावी लागली नाहीत, प्रसंग वाढवावा लागला नाही, समेटही झाला नाही. तरी तिन्ही तक्रारींचे मूळ गेले. तिन्ही वाचकांनी दुखणे बरोबर दाखवले होते. त्यांनी सुचवलेले तिन्ही उपाय मात्र चुकीचे होते.

त्यासाठी काही साध्या सवयी उपयोगी पडतात. अभिप्राय मिळाल्यावर लगेच उत्तर देऊ नये, तो लिहून ठेवावा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा वाचावा. दोघांहून अधिक वाचक एकाच जागी अडखळले, तर ती जागा तपासावी. एकालाच खटकले असेल, तर निर्णय स्वतः घ्यावा. प्रत्येक मसुदा वेगळ्या नावाने साठवावा, जुना पुसू नये. पाठवलेल्या कथांची साधी वही ठेवावी : कुठे पाठवली, कधी, उत्तर काय आणि त्यानंतर काय बदलले. या वहीतला शेवटचा रकाना सतत रिकामा राहत असेल, तर कथा फक्त फिरते आहे, वाढत नाही.

एआयकडून अभिप्राय घ्यावा का?

रात्री दोन वाजताही उत्तर देणारा वाचक म्हणून अनेक नवे लेखक एआय चॅटबॉटकडे वळत आहेत. शुद्धलेखन, राहून गेलेले दुवे, कालक्रमातली चूक अशा गोष्टी तपासायला त्याची मदत होऊ शकते. पण ही साधने समोरच्याला खूश करण्याकडे झुकतात. एप्रिल २०२५ मध्ये ‘ओपनएआय’ने चॅटजीपीटीचे एक अपडेट अतिखुशामतीच्या कारणावरून मागे घेतले होते. शिवाय या साधनाला कंटाळा येत नाही. वाचक नेमका कुठे कंटाळला, ही अभिप्रायातली सर्वात मोलाची माहिती त्याच्याकडे नसते. बोलीभाषेतली वाक्ये ते ‘सुधारून’ सपाट करण्याची शक्यताही असते.

नकार आला म्हणून पैसे भरून पुस्तक छापावे का?

सलग नकारांनंतर ‘तुमचे पुस्तक आम्ही छापतो’ ही जाहिरात मोहात पाडते. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात गैर काही नाही. लघुअनियतकालिकेही पदरमोड करूनच निघाली. पण पैसे देण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. हस्तलिखित कोणी वाचून संपादित करणार आहे का, की जसेच्या तसे छापणार? प्रती किती, त्या विकणार कोण? हक्क कोणाकडे राहणार? आयएसबीएन क्रमांकासाठी वेगळे पैसे मागितले जात असतील, तर सावध व्हावे. भारतात हा क्रमांक सरकारी यंत्रणेकडून विनाशुल्क मिळतो.

पर्यायही आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. साहित्य अकादमी २०११ पासून ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांना युवा पुरस्कार देते. इथेही नकार मिळू शकतो. मात्र अनुदानासाठी पाठवताना हस्तलिखित पूर्ण आणि नीटनेटके करावे लागते, तो फायदा निकालावर अवलंबून नसतो.

थांबायचे कधी?

एखादी कथा बाजूला ठेवणे आणि लिहिणे सोडणे, यांत गल्लत होते. चार-पाच मसुदे झाले, वाचक वेगवेगळ्या जागी अडखळू लागले आणि लेखकालाही नवे काही दिसेनासे झाले, की ती कथा कपाटात ठेवून पुढची सुरू करावी. ती वाया जात नाही. पुढच्या कथेत तीच चूक पहिल्याच मसुद्यात लक्षात येते आणि आपण पुढे सरकल्याची खूण हीच असते.

यंदा कथा परत आली असेल, तर तिला लगेच दुसऱ्या पत्त्यावर धाडण्याची गरज नाही. आधी ती छापून काढावी, तीन वाचक शोधावेत, त्यांना नेमके प्रश्न द्यावेत आणि मग पुन्हा लिहायला बसावे. पुढच्या वर्षी संपादकाचे उत्तर काय येईल, हे कोणाच्याच हातात नाही. त्यांच्यापर्यंत यंदाचीच कथा जाणार की तिचा पुढचा मसुदा, हे मात्र लेखकाच्या हातात आहे.